मालकांची तक्रार, मामांकडे

तीर्थस्वरूप मामांच्या सेवेशी,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे माझी कंबर धरली आहे, साध्या नमस्कारालाही वाकवत नाही, पण कागदावर वाकायला काय जातंय, म्हणून अख्खा घातला आहे.) इकडे सर्व ठीक. तुमची तब्येत कशी आहे हे विचारणार होते, पण मामींच्या बोलण्यावरून ती अतिशय स्वच्छ असावी. गेले काही दिवस मी फोन केला की तुम्ही अंघोळीला गेलेले असता. सकाळी केला तरी अंघोळ, दुपारी केला तरी अंघोळ, परवा दिवेलागणीला केला तेव्हाही मामी म्हणाल्या, "आत्ताच पाणी घेतलंय त्यांनी." एवढं अंग चोळणाऱ्या माणसाला एक तर खरूज झालेली असते नाहीतर मन खात असतं. खरूज असेल तर डॉक्टरांना दाखवा. दुसरं असेल तर हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

फोनवर तुम्ही येत नाही, आमच्या घरी त्या रविवारनंतर फिरकला नाहीत, आणि दुकानात तर तुम्ही नसताच. तिथे मालक असतात, आणि त्यांचं न् माझं सध्या जमत नाही. म्हणून हे पोस्टानं पाठवते आहे. चार गल्ल्या ओलांडल्या की ज्यांचं दार येतं त्या मामांना तिकीट चिकटवून पत्र पाठवताना मलाच कसंतरी झालं, पण काय करणार? मला माझ्या मामांकडे माझ्या मालकांची तक्रार करायची आहे, आणि तुमच्याच नियमानं ती दुकानात करता येत नाही. एक विनंती आधीच करते. हे पत्र मालकांना दाखवू नका. माणूस वाईट नाही, पण लगेच तोंड पाडून बसतो.

नियम तुमचाच. मी दुकानात लागले तेव्हा माझी कन्या रांगत होती (आता ती मला फोन कसा वापरायचा ते शिकवते, आणि शिकवताना डोळे फिरवते). पहिल्या सकाळी तुम्ही मला दुकानाच्या पायरीवरच अडवून सांगितलंत, "पायरीच्या खाली मी तुझा मामा. वर आलीस की मालक. दुकानात नाती नाहीत आणि घरात दुकान नाही." त्यामागचं कारणही सांगितलंत, की तुमच्या थोरल्या चुलतभावाला दुकानात घेतलं तर तो दुपारभर मखमलीच्या तागांवर घोरायचा, आणि वयानं मोठा म्हणून त्याला उठवायची कुणाची छाती होत नव्हती. तुमचं म्हणणं मला पटलं. म्हणून आजवर मी तुम्हाला पायरीवर पाय ठेवताच 'मालक' म्हणत आले आणि तुम्ही मला 'मापवाल्या बाई'. गावभर हिंडून लोकांच्या खिडक्या मोजून आणायच्या, त्या मापाबरहुकूम मास्तरांनी कापड कापायचं आणि मग पडदे शिवायचे, हे आपलं काम. त्यातली हिंडणारी ती मी. तुम्ही तर हा नियम असा पाळलात की सोवळ्यानं झक मारावी. मी डबा खाताना मला ठसका लागला तेव्हा गल्ल्यावरून गंभीर आवाज आला, "बाई, पाणी घ्या," आणि त्याच संध्याकाळी पायरी उतरल्या उतरल्या माझ्या पाठीत धपाटा बसला, "हळू जेवत जा गं, भवाने, जीव घेशील माझा!" मला ताप आला तेव्हा मालकांनी अर्ध्या दिवसाची रजा कापली आणि मामा रात्री फळांची पिशवी घेऊन आले. आणि एकदा मी तुमच्या घरी सहज विचारलं, की अस्तराचं कापड उद्या येणार का, तर तुम्ही माझ्याकडे ओळखपाळख नसल्यासारखं बघून म्हणालात, "ते तुझ्या मालकांना विचार. मला काय ठाऊक?" मामींनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. मला मात्र गंमत वाटायची. दोन माणसांच्या ओळखी एका माणसात भागतात, ही काय कमी सोय आहे?

तर तो रविवार. पंगत तुमच्या घरी, वाढायला तुम्हीच, अंगात गंजीफ्रॉक, हातात डाव. मामी, मी, आमचे हे, तुमची लेक आणि हल्ली दुकानातच बसणारे जावईबापू. सगळ्यांची दुसरी वाढ झाली होती. माझ्या तोंडात चांगला मोठा घास होता, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या ताटात भाजी घालता घालता तुम्ही म्हणालात, "अगं, सांगायचं राहूनच गेलं. उद्यापासून तू दुकानात येऊ नकोस. आता ते माप घेणारं यंत्र आलंय ना. बघ बरं, मीठ बरोबर आहे का?" मामा, एका श्वासात! माझी नोकरी आणि भाजीचं मीठ यांच्यामध्ये तुम्ही पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीत. माझं तोंड भरलेलं. मी मान हलवली. देवाशपथ सांगते, ती मान मिठासाठी होती. (मीठ बरोबर होतं.) पण जावईबापूंनी दुसऱ्या दिवशी दुकानात सगळ्यांना सांगितलं, की बाईंना समोरासमोर बसवून कळवलं आणि त्यांनी आनंदानं मान डोलावली. समोरासमोर मी बसले होते हे खरं आहे. फक्त माझ्यासमोर ताट होतं.

सोमवारी मी नेहमीसारखी डबा, टेप आणि नमुन्यांची पिशवी घेऊन कामावर हजर. यात मला काही शहाणपण करायचं नव्हतं. रात्रभर मला खरंच प्रश्न पडला होता, की मला काढलं कुणी? मामांनी. आणि दुकानातल्या माणसाला काढायचा मामांना अधिकार काय? उद्या समोरचा न्हावी जिन्यात भेटून म्हणाला, 'उद्यापासून येऊ नका,' तर काय घरी बसायचं? मालकांनी मला काही सांगितलेलं नव्हतं. मालकांच्या तोंडून ऐकलं की मग बघू, असं ठरवून मी पायरी चढले, "नमस्कार, मालक" म्हटलं, आणि आज कुठली घरं आहेत ते विचारलं.

त्यानंतर मालकांची जी तारांबळ उडाली ती तुम्ही बघायला हवी होती. बोलावं तर स्वतःचाच नियम आडवा, न बोलावं तर बाई समोर उभी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मालक "आलोच" म्हणून उठले ते मखमली नमुन्यांच्या मागे गेले. पडद्यांच्या दुकानात लपायला जागेची काय कमी? पण खालून बूट दिसत होते. मी त्या बुटांशी अदबीनं बोलले आणि बुटांनी मला तीन खिडक्यांचं एक घर दिलं. मंगळवारी माझं स्टूल नाहीसं झालं होतं. त्यावर यंत्राची पेटी ठेवलेली. मी उभ्यानं काम केलं. बुधवारी कटिंग मास्तरांना माझ्याकडे पाठवलं. ते बिचारे कात्री हातातच घेऊन आले आणि खाकरून म्हणाले, "बाई, मालक विचारतायत, रविवारी मामा काय म्हणाले ते लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "मास्तर, दुकानात मामा कोण?" मास्तर परत गेले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "तेही खरंच आहे म्हणा," आणि तो आवाज, मामा, तुमच्यासारखा होता.

मला हे कळत नाही, की मालकांनी सरळ समोर येऊन सांगायला काय हरकत होती? दुकान त्यांचं, जीभ त्यांची. पण ऐन वेळी मालकांच्या अंगात मामा शिरतात, आणि रविवारी मामांच्या अंगात मालक. भाचीचं तोंड बघून सांगवत नाही, म्हणून मालक बोलत नाहीत. आणि मामा अशा वेळी सांगतात की भाचीला तोंडच उघडता येऊ नये. ही कसली माया?

आता त्या यंत्राविषयी. तुम्हाला वाटत असेल मी त्याच्या नावानं बोटं मोडणार. मोडली होती, खोटं कशाला बोलू. डबीएवढं यंत्र, भिंतीवर एक लाल ठिपका टाकतं आणि आकडा सांगतं. दातांच्या डॉक्टरांकडे मी आणि जावईबापू मिळून गेलो. ते यंत्रानं मोजणार, मी टेपनं. वाटेत मी मनातल्या मनात त्या यंत्राला इतके शाप दिले की त्याचे सेल उतरायला हवे होते. खिडकीपाशी ते चुकावं म्हणून मी त्याच्याकडे एवढं टक लावून बघत बसले, की टेपचं दुसरं टोक कधी सरकलं ते मलाच कळलं नाही. यंत्र बरोबर निघालं आणि मी चार बोटं चुकले. हात दाखवून अवलक्षण! मग दुसऱ्या खोलीत डॉक्टरांच्या मांजरीनं तो लाल ठिपका पाहिला. ती ठिपक्यावर झेपावली, ठिपका सरकला, ती पडद्यावर चढली आणि जुना पडदा वरपासून खालपर्यंत फाडत उतरली. मी म्हटलं, चला, आता यंत्राची हकालपट्टी. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाहीतरी या खोलीचेही बदलायचेच होते. घ्याच माप." म्हणजे यंत्र मोजतं ते मोजतं, वर मांजरीकरवी गिऱ्हाईकही वाढवतं. अशा यंत्राशी मी काय भांडणार?

तेव्हा माझ्यावाचून दुकान बंद पडेल असं मी म्हणणार नाही. चालेल. लोक तयार पडदे घेतात, शिलाईचं काम आटलंय, एका बाईचा पगार मालकांना जड जातो, हे मलाही दिसतं. माझ्या डोळ्यांवर काही पडदा नाही. पण तेवढंच त्यांनी मला सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं. त्याऐवजी काय झालं ते ऐका.

शुक्रवारी जावईबापू माझ्याकडे आले. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आपला तसा गरीब ग्रह आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या दिवशी त्यांच्या हातात एक टाइप केलेला कागद होता आणि टोपण काढून तयार ठेवलेलं पेन. टोपण काढलेलं पेन घेऊन कुणी हसत समोर आलं की सावध राहावं, हे मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे. चष्मा माझा नमुन्यांच्या पिशवीत तळाशी. जावईबापू म्हणाले, "राहू द्या, मी वाचून दाखवतो, नुसती औपचारिकता आहे." आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, की मी काही घरगुती कारणास्तव, कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीनं ही नोकरी सोडत आहे. मला आधी हसूच आलं. मी विचारलं, "घरगुती कारण म्हणजे कोण, मामा?" जावईबापूंनी पेनाला टोपण लावलं. सही केली नाही, पण कबूल करते, की त्या कागदाची सुरेख छपाई आणि जावईबापूंचा अवघडलेला चेहरा बघून हात पुढे झाला होता. आपल्या घरात कुणाला नाही म्हणायचं वळण नाही ना. कुणी तिसऱ्यांदा चहा पुढे केला तरी आपण घेतो.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे हे शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतात, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा मुळापासून अभ्यास झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते वाचनालयात गेले आणि कामगारांच्या हक्कांवरचा एक जाडजूड ग्रंथ घेऊन आले. जेवताना त्यांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. हक्क ऐकून माझा ऊर भरून आला. मला काम करताना डोक्यावर टोप मिळायला हवा होता. दिवा मिळायला हवा होता. छत कोसळण्याची शक्यता असल्यास काम नाकारायचा अधिकार होता. इतकी वर्षं मी उघड्या डोक्यानं पडदे मोजत होते म्हणायची! कन्येनं पुस्तक उलटं करून पाहिलं तर ते खाणकामगारांविषयी होतं. ह्यांचं म्हणणं, तत्त्व तेच. कन्या म्हणाली, "बाबा, आईची खाण नाहीये," आणि दुसऱ्या दिवशी मला कामगार कार्यालयाचा पत्ता शोधून दिला.

तिथे जाणं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. मामांवर खटला भरायला निघाल्यासारखं वाटत होतं. बाकावर माझ्या आधी बरीच माणसं. समोर मोठी खिडकी आणि तिला असा काही पडदा, की एका बाजूनं वीतभर आखूड आणि दुसऱ्या बाजूनं लोळतोय. मला राहवेना. पिशवीतून टेप काढला आणि खिडकी मोजायला लागले. लोकांना वाटलं मी कार्यालयातलीच कुणीतरी. दोघांनी मला आपापली प्रकरणं सांगितली, एका आजोबांनी "कधी होईल हो काम?" म्हणून हात जोडले, आणि शिपायानं मला चहा आणून दिला. (मी घेतला. वर सांगितलंच आहे.) शेवटी आतल्या अधिकारी बाईंनीच मला बोलावलं. त्या बऱ्याच वयस्क होत्या, पदर खोचून बसल्या होत्या.

त्यांनी विचारलं, "कामावरून काढलं कुणी?"

मी म्हटलं, "मामांनी."

"मामा दुकानात कोण आहेत?"

"दुकानात मामा नसतात."

"मग मालक कोण?"

"तेच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग मी त्यांना पायरी, रविवार, भाजी आणि मीठ हे सगळं सांगितलं. त्या आधी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसून झाल्यावर त्यांनी मला जे समजावलं ते इतकं साधं होतं, की इतकी वर्षं मला ते कुणी सांगितलं नाही याचीच लाज वाटली. त्या म्हणाल्या, राजीनामा म्हणजे तुम्ही सोडलं. काढणं म्हणजे त्यांनी सोडायला लावलं. आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. स्वखुशीच्या कागदावर सही केलीत की बाकीचं सगळं तुमच्या हातानं पुसलंत. तेव्हा सही नाही. कुणी घाई केली तर 'वाचून उद्या सांगते' म्हणायचं, तेवढा हक्क कुणीही काढून घेत नाही. तोंडी 'येऊ नका' म्हटलं म्हणून घरी बसायचं नाही, नाहीतर उद्या म्हणतील बाई न सांगताच यायच्या बंद झाल्या. कामावर जात राहायचं आणि कारण लेखी मागायचं. यंत्र आलं म्हणून काम उरलं नाही, हे कारण असू शकतं. पण मग आधी कळवायचं, मुदत द्यायची, नाहीतर त्या मुदतीचा पगार. इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल जे द्यायचं ते द्यायचं. तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचं. आणि दुकानात दुसरं काही काम देता येतं का ते बघायचं. बारीकसारीक नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, म्हणाल्या, पण माणसाला ताटावरून उठवू नये एवढं सगळीकडे सारखं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकून मला चहाचा ठसका लागला. माणसं कमी करायची वेळ आली तर सहसा जो सगळ्यात शेवटी आला त्याला आधी जावं लागतं, आणि तसं करायचं नसेल तर का नाही, याचं कारण मालकांना द्यावं लागतं. "तुमच्या दुकानात शेवटी कोण आलं?" असं त्यांनी विचारलं. मामा, शेवटी जावईबापू आले. आता जावयाला कमी करायचं पत्र कसं लिहितात, ते मालकांनी मामींना विचारून घ्यावं. मला त्या वेळी शेजारच्या खोलीत बसायला आवडेल.

हे सगळं मी हसण्यावारी नेते आहे, कारण तुमच्यापुढे रडायची मला सवय नाही असं नव्हे, पण रडतानाही समोर माणूस लागतो. म्हणून आता सरळ लिहिते. मला भीती वाटते आहे. घर आमच्या दोघांच्या पगारावर चालतं, कन्येचं शिक्षण अजून बाकी आहे, आणि या वयात खिडक्या मोजणाऱ्या बाईला दुसरीकडे कोण ठेवणार? पण भीतीपेक्षा मला वाईट वाटलं आहे. मला वाटलं होतं, मी तिथे काम करत होते. तुम्ही ज्या सुरात सांगितलंत त्यावरून वाटलं, की मी इतकी वर्षं मामांच्या दुकानात नुसती येत-जात होते आणि आता ती येजा थांबवायची आहे. मालकांनी मला पायरीवर इतकं कडकपणे 'बाई' म्हटलं ना? मग काढतानाही 'बाई' म्हणायला हवं होतं. ठेवताना परकी आणि काढताना घरची, हा कुठला हिशेब?

आणि त्यात दुसरं असं झालं, की नोकरी जायची ती जाईल, पण मामा आधीच गेले. रविवारचं बोलावणं बंद. फोन केला की अंघोळ. परवा भाजी घेताना तुम्ही मला लांबून पाहिलंत आणि कोबीचा गड्डा एवढा निरखायला लागलात, की भाजीवाल्यानं विचारलं, "काका, काही लिहिलंय का त्यावर?" मी बाजूनं निघून गेले. तुमची पंचाईत नको म्हणून गेले, आणि भाजी न घेताच घरी आले.

असो. पत्र लांबलं. मामींना नमस्कार सांगा. (त्यांनी हे पत्र तुमच्याआधी वाचलं असेल तर वेगळा सांगायची गरज नाही.) तुमच्या लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना रामराम, आणि त्यांना म्हणावं माझा राग नाही, पण पेनाला टोपण लावून फिरा. तब्येतीला जपा. इतक्या अंघोळी या वयात बऱ्या नव्हेत.

तुमची भाची
(दुकानातल्या मापवाल्या बाईंचा या पत्राशी काही संबंध नाही.)

ता. क. मालकांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, दुकानाच्या पत्त्यावर, पोच घेऊन. त्यात मामा हा शब्द एकदाही नाही. कारण लेखी द्यावं, मुदत द्यावी, देणं असेल ते द्यावं, माझं म्हणणं दिवसाउजेडी ऐकून घ्यावं, आणि गल्ल्यावर किंवा पडदे लावायच्या कामावर मला ठेवता येईल का ते आधी पाहावं, असं 'आपली विश्वासू' म्हणून लिहिलं आहे. त्या पत्राला उत्तर मालकांनी द्यायचं आहे. तुम्ही त्यात पडू नका. ते ठेवतील किंवा काढतील, जे करतील ते रीतसर करू देत.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी ह्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "एवढी पानं भरलीस, पण मामांकडे मागितलंस काय?" खरंच की. मागायचं तेच राहिलं. तर ऐका. मालकांनी मला ठेवलं तर प्रश्नच नाही. पण त्यांनी काढायचंच ठरवलं, तर ज्या दिवशी ते पत्र माझ्या हातात पडेल त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी या. शाळेत बाईंनी मला उगाच वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा तुम्ही सायकल तशीच रस्त्यात टाकून भांडायला आला होतात. घरमालकानं आमचं पाणी तोडलं तेव्हाही आधी तुम्ही आलात, मग प्लंबर आला. मला कुणी दुखावलं की तुम्ही यायचात, खाटेवर बसायचात, त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचात, आणि माझं रडू थांबेपर्यंत उठायचा नाहीत. त्या संध्याकाळीही मी रडणार आहे, आणि मालकांना शिव्या घालायला कुणीतरी लागेल. ह्यांना शिव्या येत नाहीत. मामींना येतात, पण नवऱ्याला त्या जपून देतात. तेव्हा तुम्हालाच यावं लागेल. लाज वाटत असली तरी या. नेहमीसारखं "कोण गं तो?" असं दारातूनच ओरडत या. मी सांगते कोण ते.